एबी बंद आहे

लोहारतात्यांनी कमरेचा पट्टा खांबाभोवती घेतला, दोनदा ओढून पाहिला आणि फोन तोंडासमोर धरला. स्पीकर चालू ठेवून बोलायची त्यांना सवय होती, त्यामुळे पलीकडचं बोलणं मलाही ऐकू येत होतं.

"रंजना, एबी बंद हाय का?"

"हो, तात्या. बंद आहे."

"नीट बगून सांग."

"बघितलं. तिन्ही पाती बघितली. बंद आहे."

"मग हात लावू नको आता त्येला. आन् दुसऱ्या कुणाला लावू दिऊ नको."

मग रंजना म्हणाली, "बरं."

तात्यांनी फोन खिशात टाकला, पाना कमरेला अडकवला आणि ते खांब चढू लागले. मी आणि पाटणे सर खाली उभे होतो. पंपहाऊसच्या भिंतीवरचा पिवळा बल्ब विझलेला होता. सकाळपासून भारनियमन होतं आणि दुपारी जेवणाच्या सुमाराला लाईट यायची. कधी थोडी उशिरा, कधी थोडी आधी. त्यावर कुणी घड्याळ लावलं नसतं.

आदल्या दिवशीच्या वाऱ्यात ट्रान्सफॉर्मरवरची एक तार तुटली होती. तीनातली एकच, पण तेवढ्यानं पंप बंद पडला होता. धरणाच्या पाण्यातून हेळवडीला, तिथल्या ग्रामीण रुग्णालयाला आणि वाटेतल्या वाड्यांना पाणी याच पंपावरून जायचं. तात्या या पाणीयोजनेचे वायरमन; त्यांच्या जोडीचा दुसरा महिन्यापूर्वी पुण्याला निघून गेला होता. म्हणून योजनेच्या अध्यक्षांनी सकाळी 'कम्युनिटी'त निरोप पाठवला, की तात्यांच्या हाताखाली कुणीतरी द्या.

कम्युनिटी म्हणजे आमचं शासकीय समाज महाविद्यालय. फाटकावर हे पूर्ण नाव रंगवलेलं होतं, पण ते वाचणारा बहुधा बाहेरगावचाच असायचा. जुन्या सहकारी गोदामाच्या इमारतीत ते भरायचं आणि मे महिन्यात पत्रे तापले की अजून खताचा वास सुटायचा. तिथे शिवण, रुग्णसेवा, पंपदुरुस्ती, वीजजोडणी असे सहा-सहा महिन्यांचे वर्ग होते. दहावी नापास झालेले, लग्नानंतर शाळा सुटलेल्या, शेतीतून हंगामापुरते मोकळे झालेले, सगळे यायचे. तालुक्यात कुठे मोटर जळाली, दवाखान्यात माणूस कमी पडलं, की लोक आधी कम्युनिटीत विचारायचे. मी भौतिकशास्त्रात बी.एस्सी. होऊन तिथे कंत्राटावर प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले होते. सांगलीतून थेट त्या डोंगरात. माझ्याकडे मीटर, तारा आणि विद्यार्थ्यांच्या शंका, एवढं काम होतं.

वीजजोडणीचा वर्ग पाटणे सर घ्यायचे. त्यांनी सगळा अभ्यासक्रम स्वतः मराठीत लिहिला होता. इंग्रजी शब्द दिसला की आपली माणसं दारातूनच परत जातात, असं ते म्हणायचे आणि ते खरंही होतं. त्यांच्या पुस्तकात सर्किट नव्हतं, परिपथ होता. व्होल्टेज नव्हतं, विभवांतर होतं. आणि हे शब्द कुणी उचलले असतील तर ते रंजना येडगेनं.

रंजना धरणाच्या वरच्या धनगरवाड्यातली. घरी म्हशी, नवरा मुंबईला. ती रोज डोंगर उतरून यायची. वर्गात पहिल्या दिवशी तिच्या बोलण्याला दोन पोरं हसली होती. त्यानंतर तिनं सरांचं पुस्तक असं पाठ केलं की महिन्याभरात तीच पोरं तिला शंका विचारू लागली. वीजजोडणीचं काही बोलायचं झालं की ती न चुकता पुस्तकातलाच शब्द वापरायची. तात्या कधी कामानिमित्त कॉलेजात आले की तिला परिपथबाई म्हणायचे.

"परिपथबाई, पक्कड म्हंजे काय म्हणायचं तुमच्यात? लोहचिमटा?"

"पक्कडच म्हणतात, तात्या. तुमच्यात काय म्हणतात?"

त्यावर तात्या हसायचे. पण मागे सरांजवळ बोलायचे, की बाई खांबावरच्या कामाला चालायची नाही, कागदावरच्या विजेला शॉक नसतो. आज तिला घ्यायला ते तयार नव्हते. शेवटी सरांनी मधला मार्ग काढला. रंजना खांबावर चढणार नाही, फक्त माथ्यावरचा एबी सांभाळेल.

एबी म्हणजे डोंगराच्या माथ्यावर, दोन खांबांच्या मध्ये बसवलेला मोठा स्विच. वर हातभर लांबीची तीन पाती आणि खाली छातीइतक्या उंचीवर कुलूप लावलेलं लोखंडी हँडल. हँडल खाली ओढलं की पाती सुटतात आणि तिथून खाली पंपहाऊसकडे येणारी सगळी लाईन मोकळी होते. मग मागून कितीही वीज आली तरी ती माथ्यावरच थांबते. सरांच्या जीपमधून येताना आम्ही रंजनाला तिथे उतरवलं होतं. सरांनी तिच्या हातात किल्ली दिली आणि बजावलं, "तात्या फोन करतील. ते सांगतील तेच करायचं. त्यांच्या शब्दाशिवाय हँडलला हात लावायचा नाही."

तात्या मोटरसायकलवरून आधीच खाली पोचले होते. आम्ही येईपर्यंत त्यांनी फोन करून हँडल ओढायला लावलं असेल असं आम्हाला वाटलं, आणि आम्ही ते ओढूनच आलो असं त्यांना.

आता ते वर आडव्या पट्टीपाशी पोचले. एका हाताने तुटलेल्या तारेचं टोक धरून त्यांनी ते सरळ केलं. त्यांचा उजवा खांदा शेजारच्या शाबूत तारेपासून वीतभर अंतरावर होता. मी सरांना विचारलं, की साखळी टाकायची नव्हती का. लाईनवर काम करताना तारांवर लोखंडी साखळी टाकून ती जमिनीला जोडतात, म्हणजे चुकून वीज आलीच तर ती माणसाऐवजी साखळीतून जाते. हे आमच्या वर्गात पहिल्या आठवड्यात शिकवत. सरांनी वर पाहून तेच विचारलं.

"साखळी ऑफिसात ऱ्हायली," तात्या वरून म्हणाले. "एबी पाडलाय न्हवं? मग काय लागतंय साखळीला. तासाभराचं काम न्हाय."

सरांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

मी माथ्याकडे पाहिलं. मध्ये खोल घळ होती. माथा समोर दिसत होता, पण तिथे जायचं तर रस्ता सगळ्या डोंगराला वळसा घालून जायचा. दोन खांबांच्या मध्ये रंजनाची पोपटी साडी ठिपक्याएवढी दिसत होती. ती हँडलजवळ उभी होती आणि अजिबात हलत नव्हती.

तेवढ्यात माझा फोन वाजला. रंजनाच होती.

"ताई, तात्या चढले की," ती म्हणाली. तिचा आवाज तुटत होता. "मला अजून उघड कसं म्हणाले नाहीत?"

"काय उघड?"

"मी कुलूप काढून उभी... उघड म्हणतील म्हणून..."

आणि फोन कटला. मी परत लावला, तर संपर्क क्षेत्राच्या बाहेर. त्या खोऱ्यात हे नेहमीचंच होतं.

मी फोन हातात धरून तशीच उभी राहिले. एबी बंद आहे, तर मग ती काय उघडणार होती? बंद केलेला स्विच पुन्हा चालू करायला तात्यांनी सांगावं, याची ती वाट पाहत होती का? तात्या खांबावर असताना? रंजना असा वेडेपणा करणारी नव्हती. मग मला कॉलेजच्या फळ्यावरच्या दोन आकृत्या दिसल्या. डावीकडे पूर्ण वर्तुळ, खाली सरांच्या अक्षरात 'बंद परिपथ: प्रवाह वाहतो'. उजवीकडे तुटलेलं वर्तुळ, 'खुला परिपथ: प्रवाह वाहत नाही'. परीक्षेत या प्रश्नाला रंजनाला पैकीच्या पैकी होते.

तात्यांनी विचारलं होतं, बंद आहे का. तिनं पाती बघितली. तिन्ही पाती टेकलेली होती, वर्तुळ पूर्ण होतं. ती म्हणाली, बंद आहे.

"तात्या, खाली या," मी ओरडले. "एबी बंद नाही."

"बंद हाय की," वरून आवाज आला. त्यांच्या दातांत तारेचा तुकडा होता, त्यामुळे शब्द चावल्यासारखे येत होते. "तूबी ऐकलंस न्हवं."

"तिचं बंद म्हणजे आपलं बंद नाही."

"मग कुणाचं?"

सरांच्या लक्षात आलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला. ते खांबाला हात लावून वर बघत म्हणाले, "तात्या, परिपथ बंद आहे असं म्हणाली ती."

"त्येच की, सर. बंद म्हणाली."

"अहो, म्हणजे उघडा नाही."

"उघडा कशाला आसल? काम चाललंय न्हवं."

एरवी कुणी हे ऐकून हसलं असतं. आम्ही जे जे बोलत होतो त्यानं त्यांची जास्तच खात्री पटत होती आणि त्यांचे हात तारांमध्ये जास्तच आत जात होते. मी म्हणाले, की स्विच चालू आहे. त्यावर त्यांनी कामातून मान न काढता पंपहाऊसकडे हनुवटी केली.

"चालू आसता तर बल्ब लागला नसता व्हय? लाईट न्हाय गं पोरी. घाबरू नको."

बल्ब खरोखरच विझलेला होता. लाईटच आली नव्हती अजून. आता या घडीला ती तार धरायला माझी काहीच हरकत नव्हती. हरकत होती ती पुढच्या घडीला, आणि ती कधी येणार हे आम्हा तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

मी माथ्याकडे तोंड करून दोन्ही हात वर नेले आणि हँडल ओढल्यासारखे खाली आणले. पुन्हा पुन्हा. पोपटी ठिपका हलला. रंजनानं हात वर करून मला हात हलवला.

सर जीपकडे धावले आणि हॉर्न दाबून धरला. तात्या वैतागले. वरून त्यांनी काहीतरी शिवी हासडली असावी, पण हॉर्नमध्ये ती ऐकू आली नाही. सरांनी हॉर्न सोडला तेव्हा मी डोळे मिटले होते. बंद, चालू, उघडा, खुला. यातला एकही शब्द कामाचा नव्हता. मग मी शब्द सोडून दिले आणि माथ्यावर जे असेल ते फक्त डोळ्यांपुढे आणलं.

"तात्या, वरची पाती जोडलेली आहेत," मी म्हणाले. या वेळी मी ओरडले नाही, किंवा ओरडले असेन तर मला ते आठवत नाही. "तोडलेली नाहीत, जोडलेली आहेत. डोंगरापलीकडची तार आणि तुमच्या हातातली तार एकच आहे. मध्ये काही नाही."

वर सगळं थांबलं. तारेचा तुकडा त्यांच्या दातांतून सुटून माझ्या पायाशी पडला.

तात्यांनी डावा हात आधी काढला, मग उजवा. अगदी हळू, झोपलेल्या माणसाच्या उशाखालून काहीतरी काढावं तसे. पट्ट्याची कडी सोडायला वेळ नव्हता. त्यांनी पट्टा तसाच खांबावरून घसरवत एक पाय खाली टाकला, मग दुसरा. त्यांचं डोकं पट्टीच्या खाली आलं, त्यानंतर खांदे.

ट्रान्सफॉर्मर गुणगुणू लागला.

बल्ब लागला. एक फेज तुटलेली असल्यामुळे तो पुरता पेटला नाही, निखाऱ्यासारखा नुसता तांबूस झाला. भर उन्हात तो दिसावा असा नव्हताच, पण आम्ही तिघेही त्याच्याकडेच बघत होतो. तात्या खांबाला गाल लावून, हात पोटाशी घेऊन, तसेच टांगलेले होते. हलू नका, एवढंच सर म्हणाले.

आणि मग बल्ब विझला. गुणगुण थांबली.

मी माथ्याकडे पाहिलं. पोपटी ठिपका आता उभा नव्हता. तो हँडलला लोंबकळत होता.

तात्या खाली आले आणि जीपच्या सावलीत मांडी घालून बसले. सरांनी पाण्याची बाटली दिली. त्यांनी ती उघडली, पण प्यायले नाहीत, हातांवर ओतली. दोन्ही हात धुतले, पालथे करून पाहिले आणि मग थोडं पाणी प्यायले.

"बंद म्हंजे चालू?" त्यांनी सरांना विचारलं.

सर त्यांच्यासमोर उकिडवे बसले आणि बोटांनी मातीत वर्तुळ काढलं. वर्तुळ पूर्ण मिटलं की वीज फिरते, म्हणून त्याला बंद म्हणायचं, असं त्यांनी सांगितलं. जगभर तसंच म्हणतात.

"आमच्यात नळ बंद म्हंजे पाणी न्हाय," तात्या म्हणाले. "दुकान बंद म्हंजे माल न्हाय. बंद म्हंजे न्हाय, सर."

सरांनी ते वर्तुळ हातानं पुसलं.

रंजना घळीतून सरळ उतरून आली. रस्त्यानं नाही. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पायाला काटे लागलेले आणि मुठीत किल्ली घट्ट धरलेली. तात्यांना बसलेलं पाहून ती दहा पावलांवरच थांबली. तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, की वाटेत तिनं त्यांना मेलेलं धरलं होतं.

"हँडल ओढायला कुणी सांगितलं तुला?" तात्यांनी विचारलं.

"कुणीच नाही."

"सरांनी सांगितलं होतं न्हवं, शब्दाशिवाय हात लावायचा न्हाय म्हणून."

"हो." ती खाली बघत होती. "तारा गुणगुणायला लागल्या. आणि पाती तर बंद. म्हणजे..." ती अडखळली. मी तिला शब्दासाठी अडखळताना प्रथमच पाहत होते. "मग मी ओढलं."

तात्यांनी हात पुढे केला. तिला वाटलं ते किल्ली मागतायत, तिनं ती दिली. त्यांनी ती आपल्या कमरपट्ट्याला सुतळीनं बांधली.

"कुलूप?"

"लावून आले."

"आन् एबी? काय करून आलीस त्येचं?"

ती बंद म्हणाली नाही. उघडा म्हणाली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, मग आपले दोन्ही हात एकमेकांत अडकवून झटक्यानं वेगळे केले.

"तोडून आले, तात्या."

"झालं तर," तात्या म्हणाले आणि उठले.

त्याच वेळी त्यांच्या खिशातला फोन वाजला. अध्यक्ष होते. इतका वेळ का लागतोय, रुग्णालयातून दोनदा विचारणा आली, कम्युनिटीची माणसं काही घोळ घालतायत का, असं बरंच काही स्पीकरवर ऐकू आलं. रंजनाचे डोळे जमिनीवरच होते. तिचं पुढचं सगळं त्या एका उत्तरावर होतं आणि हे आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"साखळी इसरलो होतो," तात्या म्हणाले. "माझीच चूक. आता आणतो आन् मग चढतो." त्यांनी फोन ठेवला आणि मोटरसायकल काढली. निघताना ते मागे वळून रंजनाला म्हणाले, "मी येईस्तोवर पाना पुसून ठेव. तू चढणार हायेस माझ्या मागनं. वर दुसरा हात लागतो."

संध्याकाळी पाणी सुरू झालं.

सोमवारी सरांनी वर्गात फळ्यावरची ती दोन वाक्यं पुसली. पुस्तकात काय छापलंय ते परीक्षेत लिहा, असं त्यांनी सांगितलं, पण खांबाखाली 'बंद' हा शब्द कुणी तोंडातून काढायचा नाही. त्या जागी त्यांनी दोनच शब्द लिहिले, 'जोडलं' आणि 'तोडलं'. विचारणाऱ्यानं ते विचारायचं, सांगणाऱ्यानं तोच शब्द परत म्हणायचा, आणि वर पोचल्यावर पुन्हा एकदा. शेवटच्या बाकावर लोहारतात्या बसले होते. कॉलेजात ते प्रथमच वर्गात शिरले होते. त्यांनी हात वर केला आणि साखळीचंही लिवा म्हणून सांगितलं.

वर्षभरानं माझं कंत्राट संपलं आणि मी ते गाव सोडलं. रंजना पुढे योजनेत कायम झाली, असं कळलं होतं. त्यानंतर संपर्क राहिला नाही.

मागच्या उन्हाळ्यात सौरपंपांच्या पाहणीसाठी मी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला गेले होते. हेळवडीपासून ते गाव इतकं लांब, की तिथल्या कुणी हेळवडीचं नावही ऐकलं नसावं. रस्त्याकडेला एक वायरमन खांबाला पट्टा लावत होता आणि फोनवर बोलत होता.

"तोडलं का?"

"तोडलं."

मी गाडी थांबवायला सांगितली. खाली उतरून मी त्याला विचारलं, की हे कुठे शिकलास, कम्युनिटीत का. त्याला कम्युनिटी माहीत नव्हती. तो कुठल्याच कॉलेजात गेला नव्हता. मामाच्या हाताखाली काम शिकला, म्हणाला. मग बंद केलं का, असं का नाही विचारत, असं मी विचारलं.

शहरातल्या माणसाकडे बघतात तसं त्यानं माझ्याकडे बघितलं.

"बंद म्हटल्यावर काय कळणार, मॅडम? काय बंद? आमच्यात असंच म्हणतात, पहिल्यापासनं."

त्यानं तारांवर साखळी टाकली आणि तो वर गेला. पट्टीपाशी पोचल्यावर त्यानं पुन्हा विचारलं. पलीकडून पुन्हा तोच शब्द आला. मगच त्यानं तारेला हात घातला.